तीनचाकी बाबागाडी मुंबईत चालेल का? वापरलेल्यांनी कृपया सांगा

नीलांबरी

नमस्कार. लेक पाच महिन्यांची आहे. आम्ही माहीमला जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट आहे, पण जाळीच्या दाराची आणि अरुंद. माझा भाऊ दिवाळीला परदेशातून येतोय, भाचीसाठी बाबागाडी आणायची म्हणतोय. त्याच्या मनात तीनचाकी आहे, मोठ्या हवेच्या टायरांची, तिकडे तिला जॉगर म्हणतात. नवरा सकाळी शिवाजी पार्कला पळायला जातो, त्यामुळे तोही भावाच्याच बाजूने. रोजचा वापर मात्र मी आणि सासूबाई करणार. संध्याकाळी पार्कात, कधी डॉक्टरांकडे, अधूनमधून माहेरी ठाण्याला.

इथल्या दुकानांत चारचाकीच जास्त दिसतात, तीनचाकी हाताने ढकलून बघायलाही मिळाली नाही. वळताना कलंडते का? आपल्या फुटपाथवर टिकते का? पैशांपेक्षा ती घरात धूळ खात पडेल याची धास्ती जास्त आहे.

समुद्रकाठ

वरळीला राहतो. मोठा मुलगा तीनचाकीत वाढला, आता धाकटी तिच्यातच बसते. रस्ता जितका वाईट, तितका तीनचाकीचा उपयोग जास्त, असं माझं ठाम मत झालंय. छोट्या चाकांची चारचाकी पेव्हर ब्लॉकच्या फटीत किंवा गटाराच्या जाळीत अडकते. पुढची चाकं दोन दिशांना तोंड फिरवतात आणि बाळाला हिसका बसतो. तीनचाकीचं मोठं चाक त्याच फटीवरून सहज जातं. शिवाय एका हाताने वळते. पावसाळ्यात दुसऱ्या हातात छत्री असते तेव्हा याची किंमत कळते.

फुटपाथवर चढवताना हँडल खाली दाबायचं, पुढचं चाक उचललं जातं, ते वर टेकलं की मागची दोन वर घ्यायची. उतरताना मात्र गाडी उलटी फिरवून मागची चाकं आधी खाली. आपल्याकडच्या कडा एवढ्या उंच असतात की तोंड पुढे करून उतरवली तर मूल अक्षरशः पट्ट्यांवर लोंबतं.

केतकी_बोरिवली

समुद्रकाठ, तुमचं सगळं पटलं, पण तुमची गाडी घरातून निघते आणि चालत घरीच परत येते. आमचं तसं नाही, आणि नीलांबरीचंही पूर्ण तसं नाही.

मुंबईत बाबागाडीचा निम्मा प्रवास घडी घातलेल्या अवस्थेत होतो. टॅक्सी बोलावली की डिकी उघडून बघा, सीएनजीचं नळकांडं बसलेलं असतं. उरलेल्या जागेत छोटी घडी मावते, मोठ्या चाकांची तीनचाकी नाही. काळ्या-पिवळ्या टॅक्सीला वर कॅरिअर असेल तर ठीक, पण तिथे बांधणार कोण, आणि तोवर मूल कोणाच्या कडेवर? रिक्षात ती सीटवर ठेवली तर माणसाला जागा उरत नाही. माहीमहून तर रिक्षा मिळणारही नाही, त्या वांद्र्याच्या अलीकडे येत नाहीत.

ठाण्याला लोकलने जायचं तर दादरचा पूल चढा, मग डब्यात शिरा. मूल, मुलाची पिशवी आणि बारा-तेरा किलोची गाडी हे एकट्या बाईला झेपत नाही. माझ्याकडे सहा-सात किलोची, खांद्याला पट्टा असलेली चारचाकी आहे. फुटपाथवर ती खडखडते हे खरं, पण ती माझ्याबरोबर येते.

सायकलवेडा

माझं सायकल दुरुस्तीचं काम आहे. हल्ली बाबागाड्याही येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कलंडण्याबद्दल. चारचाकीचा जमिनीवरचा आधार चौकोनी असतो, तीनचाकीचा त्रिकोणी, मागे रुंद आणि पुढे निमुळता. एकूण वजन त्या त्रिकोणाच्या आत पडतंय तोवर गाडी स्थिर. म्हणून धोका असतो पुढच्या दोन तिरक्या बाजूंना: वेगात वळताना, किंवा उतारावर मूल बाजूला वाकून खाली पडलेलं खेळणं घ्यायला गेलं तर. चांगल्या तीनचाकीत हे टाळायला मागची चाकं लांब-लांब असतात, बैठक खाली आणि मागच्या आसाजवळ असते. परिणामी रुंदी साठ सेंटीमीटरच्या आसपास जाते, मोठ्या जॉगरची त्याहून जास्त. अरुंद आणि तरीही पळण्याइतकी स्थिर अशी तीनचाकी शोधत बसू नका, त्रिकोणाच्या हिशोबात ती बसत नाही. मागे उलटण्याचा प्रकार मात्र तिन्ही-चारही चाकांना सारखाच लागू आहे. हँडलला भाजीच्या पिशव्या लटकवल्या, मुलाला उचललं, की गाडी मागे आडवी. सामान खालच्या टोपलीतच ठेवा.

दुसरं, तीन चाकं दिसली म्हणजे ती पळण्यासाठीच आहे असं नाही. काहींचं पुढचं चाक कायमचं सरळ असतं. सुसाट धावायला उत्तम, पण वळायला प्रत्येक वेळी हँडल दाबून पुढची बाजू उचलावी लागते, पार्काच्या गर्दीत जीव नकोसा होतो. काहींचं चाक फिरतं आणि हवं तेव्हा खटक्याने सरळ अडकवता येतं. घ्यायची तर ही. पळताना चाक अडकवलेलंच हवं, मोकळं चाक वेगात थरथरायला लागतं आणि एखाद्या खड्यावर झटक्यात आडवं होतं. तिसरा प्रकार म्हणजे छोट्या फोमच्या चाकांची शहरी तीनचाकी. ती वळते छान, पण तिच्यासह पळू नये. कंपनीच्या पुस्तिकेत धावण्याची परवानगी स्पष्ट लिहिलेली नसेल तर नाही असंच धरा.

या दोन जातींचा जन्मच वेगळ्या गरजांतून झालाय. हलकी, छत्रीसारखी मिटणारी बाबागाडी ओवेन मॅक्लॅरन या ब्रिटिश अभियंत्याची. स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर काम केलेला माणूस, त्याने १९६५ साली अल्युमिनियमच्या नळ्यांची ही घडी काढली. विमानात घेऊन जाता यावी हा हेतू. तीनचाकी आणली अमेरिकेतल्या फिल बेकलर या धावपटूने, मुलाला घेऊन पळता यावं म्हणून सायकलची चाकं लावून. त्याची बेबी जॉगर कंपनी १९८४ सालची. आजही पहिलीत उचलण्याची सोय आधी बघितली जाते आणि दुसरीत सहज धावण्याची. तुमच्या वापरात यातलं काय जास्त, ते ठरवा.

आता एक गंभीर मुद्दा. मोठ्या तीनचाकीचं पुढचं चाक गाडी ठेवताना काढता यावं म्हणून खटक्याचं असतं. तो खटका नीट आवळलेला नसेल तर चालता चालता चाक निखळतं आणि गाडी नाकावर पडते. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने याच कारणासाठी फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटॅक्स कंपनीवर तक्रार गुदरली होती, बॉब नावाच्या तीनचाकींबद्दल, साधारण पाच लाख गाड्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात तडजोड झाली. भाऊ तिकडून कुणाची वापरलेली आणणार असेल तर मॉडेल आणि तयार झाल्याचं वर्ष त्या आयोगाच्या संकेतस्थळावर तपासायला सांगा. आणि नवी असो की जुनी, बाहेर पडण्याआधी पुढचं चाक धरून वर ओढून बघायची सवय घरातल्या प्रत्येकाला लावा.

नीलांबरी

सायकलवेडा, मनापासून आभार, हे कुठल्याच जाहिरातीत नव्हतं. भाऊ नवीच आणणार आहे.

पळण्याबद्दल विचारायचं राहिलं. किती महिन्यांची झाल्यावर चालेल? नवरा म्हणतो मान धरते आहे म्हणजे झालं.

शलाका

मी बालरोग विभागात परिचारिका आहे. नीलांबरी, मान धरणं पुरेसं नाही.

मान साधारण चौथ्या महिन्यात धरली जाते, पण धावताना बसणारे सततचे हादरे पेलायला पाठ आणि मान दोन्ही मजबूत लागतात. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांआधी पळू नका म्हणतात, काही आठ म्हणतात. तुमच्या डॉक्टरांना बाळ दाखवून विचारा. दिवाळीपर्यंत ती आधाराशिवाय बसायला लागली असेल, तेव्हा हा प्रश्न सोपा होईल. तोवर फक्त चालणं, तेही सीट जवळजवळ आडवी करून. हनुवटी छातीवर टेकलेली दिसली की लगेच स्थिती बदलायची, लहान बाळाचा श्वास त्याने अडू शकतो. पट्टा पाच बिंदूंचा हवा: दोन खांदे, दोन कंबर, एक पायांमधला. पार्क शंभर पावलांवर असलं तरी रोज लावायचा.

मुंबईत मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गाडीवर टाकलेल्या दुपट्ट्याची. ऊन लागू नये, धूळ लागू नये म्हणून आया-आज्या प्रेमाने दुपट्टा पांघरतात. आत वारा थांबतो आणि गाडी तापत जाते. आपल्या दमट हवेत तर फार लवकर. बाळ झोपलंय असं वाटतं आणि ते उष्म्याने मलूल झालेलं असतं. छत मोठं असलेली गाडी घ्या, बाजूंना जाळी हवी, आणि मधूनमधून मानेला हात लावून बघा. पावसाचं प्लॅस्टिकचं आवरणसुद्धा सर थांबली की लगेच काढायचं.

दुसरी गोष्ट उंचीची. ब्रिटनच्या सरे विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली मांडलं होतं की बाबागाडीतल्या मुलाला सोबतच्या मोठ्या माणसापेक्षा ६० टक्क्यांपर्यंत जास्त प्रदूषण श्वासात घ्यावं लागू शकतं, कारण त्याचं तोंड गाड्यांच्या धुराच्या नळीच्या पातळीला येतं. जॉगरची बैठक खाली असते. सायकलवेडा म्हणतात तसं स्थिरतेला ते चांगलं, पण सिग्नलला बसच्या मागे उभं राहायला वाईट. म्हणून रस्ता ओलांडताना गाडी आपल्या पुढे रस्त्यात काढून उभे राहू नका, फुटपाथवर मागे थांबा. शक्य असेल तिथे आतल्या गल्लीने जा. माहीमहून पार्काला जायला मुख्य रस्ता टाळून आतून वाटा आहेतच.

मंदार_पी

आमच्याकडे बेबी कॅरिअर (बाळाला अंगाशी बांधून घ्यायची झोळी) आणि छोटी चारचाकी आहे, जॉगरची गरज कधी भासली नाही. केतकीला +१.

गिरगावचे_आजोबा

नातवाला रोज मी फिरवतो म्हणून लिहितो आहे. नीलांबरीबाई, तुमच्या सासूबाईंना विचारलंत का?

आमच्या चाळीला लाकडी जिना आहे. सुनेने हौसेने मोठी तीनचाकी घेतली. गाडी उत्तम, मरीन ड्राइव्हवर तर एका बोटाने चालते. पण ती उचलून जिना चढणं माझ्या गुडघ्यांना शक्य नव्हतं. मग आम्ही तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांना विनंती केली, त्यांच्या ओटीवर ती साखळीने बांधून ठेवतो. मी नातवाला कडेवर घेऊन उतरतो, खाली गाडीत बसवतो. तेव्हापासून एक दिवस चुकत नाही.

दुकानात गाडी तरुण माणसं बघतात आणि वापरतात आम्ही. तेव्हा ब्रेक सासूबाईंच्या पायाने लागतो का ते बघा. काही गाड्यांत ब्रेकची पट्टी अशी असते की खालून वर उचलावी लागते, चपलेतल्या पायाला ते टोचतं. हँडलची उंची कमी-जास्त होणारी हवी. तुमचा नवरा उंच असेल, सासूबाई ठेंगण्या असतील, आणि एकाच्या मापाचं हँडल दुसऱ्याच्या कंबरेचं दुखणं होतं. पट्ट्याचं कुलूप उघडायला फार जोर लागतो का तेही त्यांच्याच हातांनी तपासून घ्या. संधिवाताच्या बोटांना काही कुलपं उघडतच नाहीत. आणि मनगटाला अडकवायचा पट्टा असतो, तो पळणाऱ्यांसाठी असं सगळे समजतात. मी चालतानाही घालतो. हात सुटला तरी नातू सुटत नाही.

नीलांबरी

आजोबा, खूप छान सांगितलंत. सासूबाईंना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, हेच मला विचारायचं होतं.

आज लिफ्ट मोजली. जाळी पूर्ण सरकवल्यावर मोकळं अंतर ५६ सेंटीमीटर. म्हणजे सायकलवेडा यांच्या हिशोबाने जॉगर उभी आत जाणारच नाही.

ऋजुता

नीलांबरी, टेप हातात आहेच तर घराबाहेरही मोजा. माझी बहीण व्हीलचेअर वापरते, त्यामुळे आमचं घर ही मापं घेतच जगतं. इमारतीचं फाटक, त्यातला छोटा दरवाजा, फुटपाथच्या तोंडाशी दुचाकी येऊ नयेत म्हणून रोवलेले खांब. या खांबांच्या फटीतून व्हीलचेअर जात नाही अशी एका मुंबईकराने तक्रार केली तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ साली त्याची स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर काही ठिकाणी अंतर वाढवलंय, काही ठिकाणी अजून जैसे थे. व्हीलचेअर जाते तिथे तुमची बाबागाडी नक्की जाईल, तेव्हा तुमच्या वाटेवर अडथळा दिसला तर महापालिकेकडे तक्रार करा. बाबागाडीवाले आयाबाप बोलले तर आमचाही आवाज वाढतो, हे मी अगदी मनापासून म्हणतेय.

तीनचाकीची एक खास अडचण सांगते. अनेक इमारतींत पायऱ्यांवर स्कूटर चढवायला एक अरुंद उतार असतो, किंवा दुकानापुढे दोन समांतर फळ्या टाकलेल्या असतात. फळ्यांवरून चारचाकी जाते, तीनचाकीचं मधलं चाक खाली पडतं. एका पट्टीच्या उतारावर दोन्ही चालत नाहीत. तुमच्या फाटकाशी काय आहे ते पाहून ठेवा.

मेट्रो मात्र सोयीची. स्थानकात लिफ्ट असते आणि तिकिटाच्या फाटकांपैकी एक रुंद असतं, तिथून गाडी न मिटता जाते. गर्दीची वेळ सोडून जा. सरकत्या जिन्यावर बाबागाडी कधीही नेऊ नका, कोणी मदत करतो म्हणालं तरीही.

केतकी_बोरिवली

ऋजुता, खांबांच्या तक्रारीत मी येईन. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तेच आहे.

नीलांबरी

घरी बसून बोलणं झालं. एकाच गाडीने सगळं करायचं हा हट्टच सोडला. सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलले, पार्किंगच्या मागच्या भिंतीजवळ छपराखाली एक कोपरा देतो म्हणाले, जिन्याखाली नको, तो आग लागली तर मोकळा लागतो. मला ते पटलं. म्हणजे जॉगर खालीच राहील, साखळी-कुलपासकट, आणि ती फक्त पार्कासाठी. लेकीला कडेवर घेऊन लिफ्टने उतरायचं. ठाण्याला आणि डॉक्टरांकडे बेबी कॅरिअर, तिची पाठ आणि मान आता त्यात नीट बसते, शलाकाने सांगितलेलं हनुवटीचं पथ्य तिथेही लागू आहे हे डॉक्टरांनी सांगितलं. गरज वाटली तर पुढे केतकीसारखी हलकी बघू.

भावाला कळवलेल्या गोष्टी: पुढचं चाक फिरणारं आणि अडकवता येणारं, हँडल खाली-वर होणारं, हाताचा ब्रेक असेल तर उत्तम, छत मोठं, अल्युमिनियमचा सांगाडा. पळण्याचं दिवाळीनंतर, डॉक्टरांना विचारून.

टायर हवेचे की फोमचे, यावर अजून वाद चालू आहे. पंक्चरचं काय?

समुद्रकाठ

हवेचेच घ्या. फोममध्ये पंक्चर नाही, पण प्रत्येक खड्डा मुलाच्या पाठीत जातो. पळायचं असेल तर प्रश्नच नाही.

समुद्राजवळ राहता म्हणून एक सूचना. खारी हवा लोखंडाला सोडत नाही, स्क्रू आणि आस आधी गंजतात. चौपाटीवर नेलीत तर घरी आल्यावर चाकं गोड्या पाण्याने धुवा आणि कोरडी करा, वाळू आसात शिरली की चाक कुरकुरायला लागतं. वाळूत ढकलू नका, पुढचं चाक रुततं. गाडी उलटी करून ओढा. पावसाळ्यात सीटचं कापड सुटं होऊन धुता येणारं हवं. ओलं कापड तसंच मिटून ठेवलं की बुरशी धरते, आणि तो वास नंतर जात नाही. छपराखाली ठेवणार आहात तर वरून आवरण घाला, पण खालून वारा खेळू द्या.

सायकलवेडा

पंक्चरची चिंता नको. बारा आणि सोळा इंची चाकं लहान मुलांच्या सायकलीला असतात, तशी ट्यूब बहुतेक सायकलवाल्याकडे मिळते. पण टायरच्या कडेवर छापलेलं पूर्ण माप आधी वाचा, नुसतं बारा इंची म्हणून ट्यूब घेतली तर रुंदी चुकू शकते. बाहेरून येणाऱ्या गाड्यांना बहुतेक वेळा मोटारीसारखा जाड व्हॉल्व्ह असतो, आपल्या साध्या सायकलींचा वेगळा. हातपंप घ्याल तो मोटारीच्या व्हॉल्व्हला बसणारा घ्या. पेट्रोल पंपावर भरणार असाल तर दाब किती ते टायरवरून वाचून तिथल्या माणसाला आधी सांगा. त्याचं मशीन मोटारींसाठी लावलेलं असतं, एवढ्याशा टायरला तो दाब क्षणात जास्त होतो. त्यापेक्षा हातपंप बरा.

भावाला सांगा, येताना पुढची आणि मागची अशी एकेक जास्तीची ट्यूब गाडीसोबतच घेऊन ये.

नीलांबरी

सांगितलं. दोन्ही ट्यूब यादीत चढल्या.